बाहेरून आणा, परळला न्या

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मुलुंड पूर्व, स्थळ गच्ची, हजेरी त्रेचाळीस, कोरम कसाबसा. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, कबुतरांची जाळी आणि पार्किंगच्या चिठ्ठ्या होत्या. तिन्ही विषय रिवाजाप्रमाणे पुढच्या सभेवर गेले. मग आले 'आयत्या वेळचे विषय', आणि मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणालं, "ते अगरवाल हॉस्पिटल खासगीला देतायत म्हणे, त्याचं काय?"

झालं! टाकी किती वर्षं गळतेय यावर तोंड न उघडलेली माणसं सार्वजनिक आरोग्यावर दीड तास बोलली.

बघता बघता दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पालिकेचं इस्पितळ म्हणजे घाण, उंदीर आणि खेकसणारी सिस्टर, तेव्हा द्या एकदाचं टाकून खासगीला. दुसरा तट म्हणाला, खासगी म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. सगळीच इस्पितळं सरकारने ताब्यात घ्यावीत, इंग्लंडात घेतली नाहीत का? आमच्या मजल्यावरचे काका पहिल्या तटाचे. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेत, सरकारी बँकेतून, आणि तिचंच पेन्शन खातात. पण ते असो.

मी उठून एवढंच विचारलं, की इथे बसलेल्यांपैकी गेल्या पाच वर्षांत पालिकेच्या इस्पितळात स्वतःचा केस पेपर कोणी काढलाय? गच्ची गप्प झाली. टाकीचं थेंब थेंब पाणी ऐकू यायला लागलं. मग तीन हात वर आले. चौकशी केली तर तिन्ही हात कुत्रा चावल्याचे निघाले.

रेबीजची लस पालिकेत फुकट मिळते आणि व्यवस्थित मिळते. त्यामुळे कुत्रा चावला की मुलुंडचा माणूस महिनाभरापुरता समाजवादी होतो. शेवटची सुई टोचून झाली की पुन्हा मेडिक्लेमवर येतो.

तेव्हा या वादात बोलणारे कोण आणि रांगेत उभे राहणारे कोण, याचा हिशेब आधी मांडावा म्हणतो. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३१ लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर. म्हणजे चारांतली तीन आमच्याकडची. आता इस्पितळं बघा. जे. जे. भायखळ्याला, ते १८४५ पासून. केईएम परळला. नायर मुंबई सेंट्रलला. सायनचं टिळक रुग्णालय शहराच्या वेशीवर, पण वेशीच्या आत. ९३ लाखांच्या वाट्याला वैद्यकीय महाविद्यालय असलेलं पालिकेचं एकच इस्पितळ आहे, विलेपार्ल्याचं कूपर, आणि तिथलं कॉलेजही २०१५ चं. बाकी राजावाडी, भगवती, शताब्दी, भाभा, अगरवाल, व्ही. एन. देसाई वगैरे मंडळींना पालिकेच्या भाषेत 'पेरिफेरल' म्हणतात. पेरिफेरल म्हणजे परिघावरचं. केंद्र कुठे आहे ते परळ स्टेशनवर उतरलं की कळतं.

या परिघावर दोनच मंत्र चालतात. पहिला, 'बाहेरून आणा'. तो औषधासाठी. दुसरा, 'परळला न्या'. तो पेशंटसाठी. उपनगरातलं सगळ्यात मोठं रुग्णालय कोणतं असं स्पर्धा परीक्षेत विचारलं तर खुशाल केईएम लिहावं. ते उपनगरात नाही, ही किरकोळ तांत्रिक अडचण आहे.

बांधायला जमलं नाही तिथे आम्ही नावं ठेवली. कांदिवलीची शताब्दी म्हणजे 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय'. गोवंडीची शताब्दी म्हणजे 'पंडित मदन मोहन मालवीय'. जोगेश्वरीचं ट्रॉमा म्हणजे 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर'. घाटकोपरची राजावाडी म्हणजे शेठ गांधी आणि शेठ व्होरा असे दोन दाते एका पाटीवर. यांतलं एक जरी नाव रिक्षावाल्याला पूर्ण सांगितलंत तर तो मीटर टाकायच्या आधी तुम्हालाच दाखल करायला निघेल. थोर माणसांबद्दल तक्रार नाही. पण पाटी लावण्याचा जो कार्यक्रम होतो, तसा एखाद्या रिक्त जागेवर भूलतज्ज्ञ बसवल्याचा कार्यक्रम मी अजून पाहिलेला नाही. फीत कापायला तो फार बारीक विषय पडतो.

योजनांचंही तेच. १९९७ ला जीवनदायी होती. २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी झाली. २०१७ ला महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ ला दिल्लीहून आयुष्मान भारत आली आणि दोघींचा संसार एका कार्डावर सुरू झाला. मुतखडा तोच, योजना चौथी. २०२३ ला राज्याने ठरवलं की पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड असो, पाच लाखांपर्यंतचं कवच सगळ्यांना. निर्णय चांगला होता, खोटं कशाला बोलू? आमच्या सोसायटीतल्या पांढऱ्या कार्डवाल्यांना आपल्याकडे रेशनकार्ड आहे हे त्या दिवशी आठवलं. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानमध्ये घेतलं. आमच्या मजल्यावरच्या काकांनी ते कार्ड दुसऱ्याच आठवड्यात काढलं. तेच काका, पहिल्या तटाचे.

कार्ड घेऊन इस्पितळात गेलं की आरोग्यमित्राचं टेबल असतं. आरोग्यमित्र हा फार गोड शब्द आहे. टेबल जवळजवळ नेहमी असतं, मित्र जेवायला गेलेला असतो. तो आला की विचारतो, तुमचा आजार पॅकेजमध्ये बसतो का? आता माणसाने आजारी पडण्यापूर्वी पॅकेज बघून पडावं अशी काही आपल्याकडे पद्धत नाही. बसत असेल तर पुढचा प्रश्न, हे हॉस्पिटल योजनेत आहे का? मोठ्या लॉबीचं हॉस्पिटल बहुधा नसतं, कारण सरकारी पॅकेजच्या दरात आमची लॉबीसुद्धा पुसून होत नाही, असं मालकांचं म्हणणं. त्यात थोडं तथ्यही आहे. दर ठरवणाऱ्याने हॉस्पिटल चालवलेलं नसतं आणि हॉस्पिटल चालवणाऱ्याने खरा दर कधी कोणाला सांगितलेला नसतो.

त्यातून एक बारकावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पालिकेची रुग्णालयं त्या विभागाची नाहीत, म्हणून त्यांना ते लागू नाही. जे. जे. पुन्हा तिसऱ्याच, वैद्यकीय शिक्षण खात्याचं. म्हणजे छातीत कळ आली की आधी शांतपणे विचार करायचा, या इमारतीचा मालक कोण, पालिका, आरोग्य खातं, की वैद्यकीय शिक्षण? उत्तर सापडेपर्यंत कळ थांबली तर उत्तमच.

आता आयत्या वेळच्या विषयाकडे येतो. २०२५ मध्ये पालिकेने बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल आणि मानखुर्द-गोवंडीकडची रुग्णालयं खासगी भागीदारीने चालवायला काढली. सूत्र असं की इमारत पालिकेची, चालवणारा बाहेरचा, काही खाटा पालिकेच्या दराने आणि उरलेल्या बाजारभावाने. भगवती आणि अगरवाल दोन्ही आधी पाडून नव्याने बांधायला घेतलेली. लोकांनी वर्षानुवर्षं पत्रे आणि क्रेन बघत काढली. मुलुंडची काही पोरं त्या पत्र्यांशेजारून बालवाडीत गेली ती कॉलेजला पोचली असतील. इमारत उभी राहिली तेव्हा कळलं की घर आपलं, पण किल्ली दुसऱ्याला द्यायची आहे. कर्मचारी संघटना रस्त्यावर आल्या, वस्त्यांतली माणसं आली, मोर्चे निघाले.

आणि हे ठरवलं कोणी? नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधली जवळपास चार वर्षं पालिका प्रशासकाच्या हातात. घरची माणसं गावाला गेलेली असताना राखणीला ठेवलेल्याने बाहेरची खोली भाड्याने द्यावी, तसा हा मामला. भाडेकरू कदाचित सज्जन असेल. पण विचारणार कोणाला?

खासगी भागीदारी हा शब्द ऐकला की आमच्या पहिल्या तटाचे डोळे लुकलुकतात. त्यांच्यासाठी अंधेरीची सहल काढावी म्हणतो. मरोळला सेव्हन हिल्स आहे. पालिकेची भली मोठी जमीन, खासगी कंपनीचं हॉस्पिटल, आणि अट अशी की २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांना. २०१० ला दणक्यात उद्घाटन झालं. मग त्या २० टक्क्यांवरून भांडण, भाड्याच्या थकबाकीवरून भांडण, कर्ज, दिवाळखोरीची कोर्टबाजी; २०१८ च्या सुमाराला हॉस्पिटल जवळजवळ बंद. पुढे २०२० ला कोविड आला. तेव्हा खाटा कुठे मिळाल्या? तिथेच. आणि चालवलं कोणी? पालिकेने! जिला काही चालवता येत नाही म्हणून भागीदार शोधला होता, तिनेच भागीदाराचं बंद पडलेलं इस्पितळ महामारीत चालवून दाखवलं. यावर सोसायटीच्या सभेत कोणी बोललं नाही. तेव्हा सगळे घरात बसून थाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या तटाने इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. तुमच्यासाठीही सहल आहे, भांडुपला. २०२४ च्या एप्रिलच्या शेवटी तिथल्या पालिकेच्या प्रसूतिगृहात वीज गेली. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात सिझेरियन झालं असं घरच्यांनी सांगितलं. बाळ गेलं आणि आईही गेली. त्या वर्षी पालिकेचं अंदाजपत्रक ५९,९५४ कोटींचं होतं. पुढच्या वर्षी ते ७४,४२७ कोटी झालं. यावर मला विनोद सुचत नाही.

खासगी हवं की सरकारी, हा प्रश्न त्या प्रसूतिगृहाच्या दारात नेऊन विचारून बघावा. तिथे पाटी पालिकेची होती. पण रात्री जनरेटर सुरू होतो की नाही हे दर आठवड्याला बघायचं काम कोणाचं, त्याची सही कोणत्या वहीत, आणि ती सही नसेल तर कोण कोणाला विचारणार? पाटी बदलल्याने या प्रश्नाचं उत्तर येत नाही. उलट थोडं लांब जातं. मुलुंडच्याच अगरवालच्या अतिदक्षता विभागात बाहेरच्या संस्थेकडून डॉक्टर घेतले होते. त्यांतल्या काहींकडे लागणारी पदवीच नव्हती असा आरोप झाला आणि २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे खासगीकरण व्हायचं राहिलं होतं असं नाही. खाटेपुरतं, खुर्चीपुरतं ते आधीच झालं होतं, गुपचूप, कंत्राटाच्या फायलीतून. मोर्चा आता निघतोय, वरात कधीच जाऊन आली.

खुर्ची हा माझा आवडता शब्द आहे. इमारत, यंत्र, पाटी, योजना हे सगळं बातमीत येतं. खुर्चीवर माणूस आहे का, हे फक्त रांगेतल्याला दिसतं. प्रजा फाउंडेशन ही संस्था दरवर्षी अहवाल काढून पालिकेच्या आरोग्य खात्यातल्या रिकाम्या जागा मोजून दाखवतं. दरवर्षी बातमी येते, दरवर्षी पालिका म्हणते भरती प्रक्रिया सुरू आहे. भरती प्रक्रिया ही आपल्याकडे भरतीसारखीच असते, येते आणि ओहोटीला लागते. मग सोनोग्राफीचं यंत्र असतं आणि रेडिओलॉजिस्ट नसतो. शस्त्रक्रियेचं टेबल असतं आणि भूल द्यायला माणूस आठवड्यातून दोन दिवस येतो. वॉर्डात एका सिस्टरकडे इतक्या खाटा की ती खेकसते याचं नवल नाही, ती अजून रडत नाही याचं आहे. वॉर्डबॉयला आपण 'मामा' म्हणतो आणि आयाबाईला 'मावशी'. नाती सगळी भरलेली आहेत, पदं रिकामी.

आता एक जुनी गोष्ट. खासगी पैसा आणि पालिका यांचं लग्न या शहरात पहिल्यांदा लागतंय असं नाही. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळच्या वैद्यकीय कॉलेजासाठी देणगी दिली. १९२५ ला कॉलेज आलं, १९२६ ला केईएम. त्या काळात वैद्यकातल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. विश्वस्तांनी अट घातली की इथले डॉक्टर, प्राध्यापक भारतीयच हवेत. खाटा किती टक्के, लॉबीत कारंजं कुठे, नाव केवढ्या अक्षरांत, यांपेक्षा त्यांना खुर्चीवर कोण बसणार याची काळजी होती. आज ज्या निविदा निघतात त्यांच्या कागदांत खाटांची टक्केवारी दशांशापर्यंत असेल. रात्री दोन वाजता वॉर्डात कोण असेल, हे कलम किती ठिकाणी सापडतं ते एखाद्या निवृत्त वकील काकांनी शोधून सांगावं. सोसायटीत तसे चार आहेत. पार्किंगच्या बाबतीत चौघेही फार तेज आहेत.

एक गोष्ट मात्र बरी झाली, ती सांगितली नाही तर तिरकस लिहिणाऱ्याचं तोंड कायमचं तिरकं राहील. २०२२ च्या नोव्हेंबरपासून 'आपला दवाखाना' सुरू झाला. नाव याचंही लांब आहे, पुढे हिंदुहृदयसम्राट आहेत, पण लोकांनी ते परस्पर कापून टाकलं. कुठे पालिकेच्या जुन्या दवाखान्यात, कुठे फुटपाथच्या कडेला पोर्टा केबिनमध्ये. तपासणी फुकट, औषध फुकट, १४७ प्रकारच्या चाचण्या फुकट, आणि मुख्य म्हणजे वेळ रात्री दहापर्यंत. कामावरून आठच्या लोकलने परतणाऱ्या माणसाला ताप दाखवायला सुट्टी काढावी लागत नाही, एवढी साधी गोष्ट पालिकेला कळायला किती वर्षं गेली त्याचा हिशेब नको. कळली. केबिन पत्र्याची आहे, उन्हात तापते, डॉक्टर कंत्राटी आहे. पण रात्री नऊ वाजता खुर्चीवर बसलेला असतो. आमच्या नाक्यावरच्या केबिनपुढे रोज रांग असते, आणि त्या रांगेत सरकारी की खासगी हा वाद मी अजून ऐकलेला नाही.

औषधांचं काय म्हणाल, तर २०२४ पासून पालिकेत 'झिरो प्रिस्क्रिप्शन' हा शब्द फिरतोय. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी शून्य. शब्द उत्तम आहे. फक्त मध्यवर्ती खरेदी खात्याची निविदा, पुरवठादारांची थकलेली बिलं आणि गोदामातला साठा यांना तो अजून नीट पाठ झालेला नाही. मग डॉक्टर चिठ्ठी लिहीत नाहीत, तोंडी सांगतात. चिठ्ठी शून्यच राहते.

आणखी एक गंमत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकाच्या वेळी विचार पुढे आला की मुंबईबाहेरच्या रुग्णांना वेगळं शुल्क लावावं. आरोग्यावर सात हजार कोटींहून जास्त खर्च होतो, आणि बाहेरची गर्दी फार. हे मुलुंडला बसून ऐकायला फार मजा येते. आमच्या मागचा चेकनाका ओलांडला की ठाणे. म्हणजे नाक्याच्या अलीकडे खोकला तर मुंबईकर, पलीकडे खोकला तर परदेशी. नाक्यापलीकडची माणसं अलीकडे का येतात? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले, ते त्यांनीही वाचलेलं असतं. आणि केईएमच्या वॉर्डात जी सिस्टर रात्रपाळी करते, ती पहाटे कोणत्या गाडीने घरी जाते? कल्याण. बदलापूर. तिने सलाईन लावायचं मुंबईकर म्हणून आणि आजारी पडायचं परदेशी म्हणून.

बरं, खासगीत सगळं आलबेल आहे का? माझंच सांगतो. मागच्या वर्षी पित्ताशय काढलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचंही बिल येईल. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. कॅशलेसची मंजुरी संध्याकाळी साडेसातला आली. मधले साडेनऊ तास मी बरा झालेला माणूस आजाऱ्याच्या खाटेवर, अर्ध्या दिवसाच्या भाड्यासकट. बिलात हातमोजे, कापूस, पट्टी आणि 'ॲडमिशन किट' असे पैसे कापले होते, ते विम्यात बसत नाहीत म्हणे. हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करायचा पर्याय मला कोणी दिला नव्हता. माझ्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ 'धर्मादाय खाटा' असं काही विचारत होते. कायदा तसा आहे. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, २००६ पासून न्यायालयाने ठरवून दिलेली योजना आहे. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, त्या भरल्यात. त्या नेहमी भरलेल्या असतात. उपनगरातले निर्धन इतके वक्तशीर असतील असं वाटलं नव्हतं.

रांग तिथेही होती. सोफ्यावर बसून होती, एवढाच फरक.

इंग्लंडचं उदाहरण देणाऱ्यांसाठी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची खबर. माझा चुलतभाऊ लंडनजवळ असतो. तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, १९४८ पासूनची, बिल येत नाही, म्हणून तो तिची बाजू घेऊन भांडतो. गुडघ्यासाठी तो कधीचा यादीत आहे, हा भाग तो भांडताना वगळतो. भाची न्यू जर्सीत. तिला यादी नाही, पण अँब्युलन्स बोलवायची म्हटलं तरी ती आधी विम्याचा कागद वाचते. दोघं ग्रुपवर एकमेकांची व्यवस्था कशी मोडकी हे महिनोन्‌महिने सिद्ध करत असतात. डिसेंबरात दोघंही मुलुंडला येतात आणि त्याच गल्लीतल्या त्याच डेंटिस्टकडे दात करून घेतात. डॉक्टरांच्या भिंतीवर दोघांचे पंचतारांकित अभिप्राय शेजारी शेजारी लावलेले आहेत.

आपल्याकडे १९४६ ला भोर समितीने सांगून ठेवलं होतं की खिशात पैसे नाहीत म्हणून कोणाचा उपचार अडू नये. राजस्थानने २०२३ ला आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तर तिथले खासगी डॉक्टर रस्त्यावर आले. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदाच अजून घरात घेतलेला नाही. आम्ही १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर ठिगळं लावतो. त्या ठिगळांत दरपत्रक भिंतीवर लावा असंही आहे. पुढच्या वेळी हॉस्पिटलात गेलात तर शोधा. झाडाच्या कुंडीमागे बघा.

सभा संपली. काहीच ठरलं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'आरोग्यविषयक चर्चा झाली, सभासदांनी चिंता व्यक्त केली'. मग वडापाव आले.

सोमवारी सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या ताई आल्या. भांडुपला राहतात. त्यांच्या सासूबाईंच्या पोटात दुखतंय, तिसरा महिना. मी विचारलं, सोनोग्राफीची तारीख मिळाली का?

"मिळाली होती ना दादा. गेलो तर मशीनवाला नव्हता. मशीन आहे हो, चकाचक आहे. माणूस नाही. मग परळला लिहून दिलं."

"आता?"

"आता काय, परळ." त्यांनी पीठ मळायला घेतलं. "काल गच्चीवर तुमची मीटिंग होती ना? वॉचमन सांगत होता, इस्पितळाचं चाललंय. काय ठरलं, विकणार?"

"ठरलं नाही अजून. पुढच्या सभेत बघू म्हणाले."

"बरं. तुमचं ठरेस्तोवर मला गुरुवारी सुट्टी पाहिजे. पहिली गाडी धरायची आहे, नाहीतर केस पेपरच्या लाइनीत नंबर मागे जातो. वहिनींना सांगा, गुरुवारच्या पोळ्या बुधवारीच करून ठेवते."